मंद लॅपटॉपची दोन दुखणी

पार्श्वभूमी

घरून अनुवादाचं काम करणाऱ्या एका बाईंचा लॅपटॉप माझ्याकडे तपासायला आला. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, पण कशानंतर काय झालं ते जसंच्या तसं ठेवलं आहे. माझ्या दोन-तीन चुकाही तशाच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणातून शिकण्यासारखं बरंचसं त्या चुकांमध्येच आहे.

लॅपटॉप साधारण सात वर्षांचा. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी १ टीबीची हार्डडिस्क आणि विंडोज १०. घरात तो दोघं वापरत: दिवसा बाई आणि रात्री त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. दोघांचं खातं एकच, आणि तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. दहा दिवसांनी एका मोठ्या पुस्तकाचा अनुवाद द्यायचा होता आणि त्याची ताजी प्रत फक्त या लॅपटॉपवर होती.

तक्रार

बाईंच्या शब्दांत सांगायचं तर, "सुरू व्हायलाच नऊ मिनिटं लागतात. वर्डमध्ये मी ओळ संपवते, तरी अक्षरं आपली मागून चालत येतायत." शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले" अशा सूचना येत होत्या. अशाच एका सूचनेवर क्लिक करून त्यांनी संगणक 'वेगवान' करणारं एक सॉफ्टवेअरही टाकलं होतं. त्यानंतर फरक पडला तो एवढाच, की सूचना देणारे आता दोन झाले. आणि काही काम चालू नसतानाही पंखा घोंघावत राहायचा.

सल्ले आधीच मिळालेले होते. एकाने रॅम वाढवायला सांगितलं होतं. मुलगा म्हणत होता, फॉरमॅट मार. बाईंचा स्वतःचा निष्कर्ष ठाम होता: व्हायरस आहे, तो काढला की सगळं पूर्ववत होईल. मीही तेच गृहीत धरलं. ती पहिली चूक.

पहिला दिवस: स्कॅन लावला आणि थांबवला

लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या मी विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावला आणि दुसऱ्या कामाला लागलो. तासाभराने पाहिलं तर मोजलेल्या फायलींचा आकडा जवळपास तिथंच होता. कान लावला तर डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत होता. तेव्हा कुठे टास्क मॅनेजर उघडला.

'परफॉर्मन्स'च्या पानावर डिस्क १०० टक्के दिसत होती. स्कॅन चालू असताना त्यात नवल काहीच नाही. पण बरेच जण या आकड्याचा अर्थ चुकीचा लावतात. १०० टक्के म्हणजे डिस्क खूप काम करते आहे असं नव्हे. ती एक क्षणही रिकामी नाही, एवढाच त्याचा अर्थ. काम किती होतंय हे बाजूच्या वाचन-लेखनाच्या वेगावरून कळतं आणि तो सेकंदाला जेमतेम १ एमबी होता. सरासरी प्रतिसादाचा वेळ निरोगी हार्डडिस्कवर १०-२० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. इथे तो मधूनच ३,००० च्या वर जात होता. एखादा कारकून दिवसभर टेबलावर वाकलेला दिसावा आणि संध्याकाळी एकच कागद पुढे सरकलेला असावा, तसला प्रकार.

स्कॅन थांबवला आणि डिस्कच्या प्रकृतीचे आकडे दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. पिवळा रंग, 'कॉशन'. खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, काही होतेच. जास्त काळजीचा होता 'करंट पेंडिंग सेक्टर' हा आकडा, म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या आणि निर्णय लटकलेल्या जागा. तिथे ३८ लिहिलेलं होतं. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे दहाऐवजी सोळाच्या पायात (हेक्साडेसिमलमध्ये) दाखवतं, हे मला थोड्या वेळाने आठवलं. खरा आकडा ५६.

मग विंडोजची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या नोंदी काढल्या. 'बॅड ब्लॉक'ची, म्हणजे ७ क्रमांकाची नोंद डझनावारी होती. त्यातली सगळ्यात जुनी साडेतीन महिन्यांपूर्वीची निघाली. ही तारीख मी कागदावर लिहून ठेवली. पुढे तीच सगळ्यात उपयोगी पडली.

समोर असलेले पर्याय

आता चित्र बदललं होतं. पूर्ण स्कॅन म्हणजे डिस्कवरची जवळपास प्रत्येक फाइल वाचणं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला एवढं पळवणं म्हणजे आहे तोही डेटा पणाला लावणं, आणि मी तासभर नेमकं तेच करत होतो.

फॉरमॅटचा पर्याय तिथेच बाद झाला. त्याच डिस्कवर नवी विंडोज टाकली असती तर दोन-चार आठवडे बरं वाटलं असतं, एवढंच. रॅमचा सल्लाही इथे चुकीचा होता. ८ जीबीपैकी निम्मी रॅम रिकामी असतानाही लॅपटॉप अडत होता. नवा लॅपटॉप घ्यावा का, असं बाईंनी विचारलं. प्रोसेसर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या यादीत बसत होता, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय होती, स्क्रीन-कीबोर्ड ठीक होते. त्यामुळे त्याची गरज मला वाटली नाही.

खरा प्रश्न उरला तो क्रमाचा: आधी व्हायरस की आधी डेटा? डेटा आधी घेतला तर व्हायरसही सोबत कॉपी होईल, ही भीती रास्त आहे. पण कॉपी केलेली फाइल नुसती पडून राहिली तर काही करत नाही, ती चालवावी लागते. उलट डिस्क गेली तर तपासायलाही काही उरत नाही. डेटा आधी घ्यायचं ठरलं.

डेटा वाचवणं

विंडोज सुरूच करायची नाही, असं ठरवलं. विंडोज चालू असली की ती सतत डिस्कवर काहीतरी लिहीत राहते, आणि असलाच व्हायरस तर तोही जागा होतो. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम बूट केली आणि हार्डडिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलूप लावणाऱ्या सोयीने, एन्क्रिप्ट केलेली नव्हती, हे आधीच पाहून घेतलं होतं. तशी असती तर रिकव्हरी की मिळवल्याशिवाय फायली दिसल्याच नसत्या.

आधी चालू पुस्तकाचा फोल्डर, मग बाकीची कामाची कागदपत्रं, मग फोटो. अशी सुमारे १२ जीबी माहिती बाहेरच्या डिस्कवर घेतली. त्यानंतर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून अख्खी हार्डडिस्क १ टीबीच्या नव्या एसएसडीवर (फिरत्या तबकड्या नसलेल्या वेगवान डिस्कवर) उतरवायला घेतली. साधं कॉपी करणारं साधन खराब जागी अडून बसतं. हे तसं करत नाही. जिथे सहज वाचता येतं तो भाग आधी उचलतं, अवघड जागा मागे ठेवतं आणि कुठपर्यंत आलो याची नोंद एका फायलीत ठेवतं. मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे चाललं. शेवटी काहीशे केबी एवढीच जागा वाचता आली नाही. त्यात दोन फोटो गेले, विंडोजच्या काही फायली गेल्या आणि बाईंच्या शब्दसंग्रहाची एक फाइल. तिची महिनाभर जुनी प्रत त्यांच्या मेलमध्ये सापडली.

पुस्तक शाबूत होतं. हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

दुसरा दिवस: काम झालं असं वाटलं

एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवली. नऊ मिनिटांचा बूट अर्ध्या मिनिटाच्या आत आला. वर्ड लगेच उघडलं, अक्षरं बोटांबरोबर उमटू लागली. खराब झालेल्या विंडोजच्या फायली एसएफसी आणि डिझम या दोन आज्ञांनी दुरुस्त केल्या. डिफेंडरचा पूर्ण स्कॅन आता निर्धास्तपणे लावला. निकाल: काही धोका नाही.

कोपऱ्यातल्या त्या सूचनांचं मूळही सापडलं आणि तो व्हायरस नव्हताच. कुठल्याशा साइटला ब्राउझरमध्ये कधीतरी सूचना पाठवायची परवानगी दिली गेली होती. ती साइट ब्राउझरमार्फत हव्या त्या सूचना दाखवत होती. सेटिंगमधून परवानगी काढली, 'वेगवान' करणारं सॉफ्टवेअर काढून टाकलं. पाच मिनिटांचं काम.

या टप्प्यावर मी लॅपटॉप परत देणारच होतो. तक्रार मंदपणाची होती आणि मंदपणा गेला होता. बाई घ्यायला यायला निघाल्याही होत्या.

निर्णयाचा क्षण

मला थांबवलं ते पंख्याने. त्या क्षणापर्यंत खबरदारी म्हणून वायफाय बंद ठेवलं होतं. अपडेट घ्यायला म्हणून ते चालू केलं आणि लॅपटॉप तसाच सोडला. पंधरा-वीस मिनिटांनी पंखा घोंघावू लागला, तळ हाताला चटका बसेल इतका गरम. अपडेट चालू असेल असं वाटून टास्क मॅनेजर उघडला, तर दोन-तीन सेकंदांत पंखा शांत होऊ लागला आणि प्रोसेसर ४ टक्क्यांवर दिसला. बंद केला, थोड्या वेळाने पुन्हा तेच. तीनदा करून पाहिलं.

अपडेट कोण बघतंय याची फिकीर करत नाही. पाहणारा आला की गप्प बसणारा प्रोग्राम ही वेगळीच जात. दुसऱ्याच्या वीज-प्रोसेसरवर आभासी चलन कमावणारे मायनर असं वागतात. त्यातले बरेचसे मोनेरो हे चलन खणतात, कारण ते साध्या प्रोसेसरवरही खणता येतं. त्यासाठी इंटरनेट लागतं. म्हणजे माझ्याच खबरदारीने लक्षण दिवसभर झाकून ठेवलं होतं.

बाईंना फोन करून सांगितलं, "आज नका येऊ."

"अहो, पण आता चालतोय ना छान?"

"चालतोय. पण त्यात अजून कोणीतरी राहतंय."

लपलेला प्रोग्राम

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं प्रोसेस एक्स्प्लोरर टास्क मॅनेजरपेक्षा पुष्कळ खोलात दाखवतं. पण असे मायनर त्याचंही नाव ओळखतात. म्हणून त्या फायलीचं नाव बदललं आणि मगच चालवली. ही युक्ती दर वेळी चालते असं नाही, इथे चालली. प्रोसेसरचा ६० टक्के वाटा खाणारी एक प्रोसेस समोर आली. नाव एसव्हीसीहोस्ट.

हे नाव विंडोजच्या स्वतःच्या प्रोसेसचं आहे आणि ते एकाच वेळी डझनांनी चालू असतात, म्हणून गर्दीत मिसळायला सोयीचं. अस्सल एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये राहतो, सर्व्हिसेस नावाची प्रोसेस त्याला जन्म देते आणि त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. हा मात्र प्रोग्रामडेटातल्या एका आडनिड्या फोल्डरात राहत होता, आणि सही नव्हती. फायलीचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, व्हायरसटोटल या अनेक अँटीव्हायरसना एकत्र विचारणाऱ्या साइटवर तपासला, तर तिथल्या निम्म्याहून जास्त इंजिनांनी ती घातक म्हणून ओळखली. सत्तरेक इंजिनांपैकी एक-दोघांनीच बोट दाखवलं असतं तर मी जरा थांबलो असतो. तो खोटा इशारा असू शकतो. निम्म्यांनी दाखवल्यावर थांबायचं कारण उरत नाही.

मग डिफेंडर का गप्प होता? विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये पार तळाशी 'एक्स्क्लूजन्स' नावाची यादी असते. या जागा तपासू नकोस, असं तिथे सांगता येतं. त्या यादीत प्रोग्रामडेटा आणि युजर्स हे दोन अख्खे फोल्डर होते. डिफेंडरने सांगितलेलं काम चोख केलं होतं. सांगणारा दुसराच होता.

आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणाऱ्या ऑटोरन्समध्ये शोधल्यावर लॉगिन झालं की मायनर सुरू करणारं एक शेड्यूल्ड टास्क मिळालं. ते तयार झाल्याची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. कागदावरची तारीख आठवा: डिस्कची पहिली तक्रार साडेतीन महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे व्हायरसने डिस्क खराब केली नव्हती, आणि डिस्क खराब होती म्हणून व्हायरस आला नव्हता. दुखणी दोन होती, एकाच अंगात आणि एकाच नावाखाली: 'लॅपटॉप स्लो झालाय'.

मुलाशी बोलणं

पहिल्या दिवशी मी बाईंना विचारलं होतं, "काही उलटसुलट टाकलं होतं का कोणी?" उत्तर 'नाही' असं आलं. असा प्रश्न विचारल्यावर दुसरं कोणतं उत्तर येणार? आता थेट मुलाला फोन केला आणि विचारलं, "पाच आठवड्यांपूर्वी तू या लॅपटॉपवर कशावर काम करत होतास?"

थोडं थांबून तो म्हणाला, "कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ एडिट करत होतो." सॉफ्टवेअर विकतचं होतं, त्याने त्याचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायचा चोरटा मार्ग, शोधला होता. सोबतच्या फायलीत सूचना होती की अँटीव्हायरस बंद करून मगच चालवा, कारण तो 'चुकून' अडवतो. त्याने बंद केला, परवानगी मागणाऱ्या खिडकीवर 'यस' दाबलं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यावरून दिलेलं ते एक 'यस' यादीत दोन फोल्डर घुसवायला पुरेसं होतं.

साफ करायचं की नव्याने टाकायचं

आता वाद माझाच माझ्याशी होता. मायनर सापडला होता, टास्क सापडलं होतं, यादीतले फोल्डर काढून टाकले होते. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतो. त्यानेही मायनर पकडून काढला. इथेच थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप देता आला असता. हातात आठ दिवस उरलेले, बाईंची सगळी सॉफ्टवेअरं तशीच राहिली असती.

नव्याने टाकायच्या बाजूने एकच मुद्दा होता, पण जड. ज्याने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारात पाच आठवडे काढले, त्याने आणखी काय काय केलं हे मी सिद्ध करू शकत नव्हतो. सापडलेली वस्तू दाखवता येते, दुसरं काही नाहीच हे दाखवता येत नाही. शिवाय क्रॅकच्या पुडक्यात मायनर एकटा येईलच असं नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (साइटवरचं आपलं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून पाठवणारे चोर प्रोग्रामही त्याच वाटेने येतात आणि काम उरकून स्वतःला पुसूनही टाकतात. याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होत होते. त्यावर मी नव्याने टाकायचं ठरवलं.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला असल्याने तेच परत टाकण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर विंडोज ११ चा पेनड्राइव्ह तयार केला, एसएसडीवरची सगळी पार्टिशन पुसली आणि कोऱ्या जागेवर बसवली. डेटा परत घेताना फक्त कागदपत्रं आणि फोटो घेतले, तेही तपासून. 'डाउनलोड्स' फोल्डरातला एकही इन्स्टॉलर परत आणला नाही. सॉफ्टवेअरं एकेक करून त्यांच्या मूळ साइटवरून टाकली. यात एक पूर्ण दिवस गेला.

पासवर्डच्या बाबतीत माझी दुसरी मोठी चूक पुढे आली. पहिल्याच दिवशी, व्हायरसचा नुसता संशय असताना, मी फोनवर सहज म्हणून गेलो होतो: "पासवर्ड बदलून टाका." लॅपटॉप आणून देण्याआधी बाईंनी ते काम मनोभावे केलं होतं, त्याच लॅपटॉपवर बसून. बाधित यंत्रावर टाइप केलेला नवा पासवर्ड जुन्याइतकाच उघडा असू शकतो. सगळं पुन्हा करावं लागलं, या वेळी त्यांच्या फोनवरून. आधी ईमेल, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात, मग बँक, मग उरलेली. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' केलं. लॉगिनची कुकी चोरीला गेली असेल तर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही टाळून आत शिरता येतं, म्हणून निव्वळ पासवर्ड बदलून भागत नाही.

निष्पत्ती

लॅपटॉप पाचव्या दिवशी परत गेला आणि पुस्तक मुदतीच्या एक दिवस आधी पोचतं झालं. खात्यांत कुठेही परकं लॉगिन दिसलं नाही. काही काम नसताना प्रोसेसर २-३ टक्क्यांवर असतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासला तेव्हाही तसाच होता.

मुलाचं खातं आता वेगळं आणि साधं आहे. काही टाकायचं असेल तर आईचा पासवर्ड लागतो. दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होतो आणि झाला की डिस्क काढून ठेवली जाते. कायम जोडून ठेवलेला बॅकअप लॅपटॉपसोबतच बाधित होऊ शकतो, हे बाईंना एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

स्कॅनच्या आधी डिस्कची प्रकृती पाहीन. दोन मिनिटं लागतात. स्कॅनचा निकाल वाचण्याआधी एक्स्क्लूजन्सची यादी पाहीन, नाहीतर 'धोका नाही' या वाक्याला अर्थ नाही. वायफाय बंद ठेवून तपासणं बरोबरच होतं, पण परत देण्याआधी अर्धा तास ते चालू ठेवून, हात न लावता पाहायला हवं. मी ते योगायोगाने केलं.

एका गोष्टीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. मी एसएसडीवर जुन्या विंडोजची हुबेहूब प्रत उतरवली आणि नंतर तीच पुसली. थेट कोरी विंडोज टाकली असती तर दीड दिवस वाचला असता, मायनरही आपोआप गेला असता. पण मग तो होता हे कोणाला कळलंच नसतं, पासवर्ड पुन्हा बदलले गेले नसते आणि मुलाने तोच क्रॅक नव्या विंडोजवर पुन्हा टाकला असता. मुदत दहाऐवजी तीन दिवसांवर असती तर मात्र मी बहुधा तेच केलं असतं.

जुनी हार्डडिस्क अजून माझ्या खणात आहे. तिच्यावर शून्य लिहून ती पुसता येईल, पण बाद ठरवून बाजूला टाकलेल्या सेक्टरांपर्यंत ते लिहिणं पोचत नाही आणि त्यांत काय उरलंय ते सांगता येत नाही. ती उघडून तबकड्याच मोडायच्या असं ठरलंय. मुलगा म्हणालाय, स्क्रूड्रायव्हर घेऊन मीच येतो.